तिच्या तोंडची खाण

दिवा मालवला आणि कुणीतरी तिचा हात धरला. अंधारात चाचपडताना चुकून लागतो तसा तो हात नव्हता. आधी बोटं आली, मग तळवा आला, आणि मग रस्ता ओलांडताना धरतात तसा त्या हाताने तिचा हात नीट, पक्का धरला. ती खाणीची माहिती सांगत होती. ‘खाली असाच अंधार असायचा’ एवढं बोलून झालं होतं, आणि पुढचं वाक्यही तोंडातून बाहेर पडलं, कारण ते आता तिचं राहिलंच नव्हतं, पायऱ्या उतरताना पाय आपोआप पडतात तसं ते आपोआप पडायचं. “डोळे सरावतील म्हणून कितीही वाट बघा, सरावत नाहीत. सरावायला थोडा तरी उजेड लागतो.” या वाक्यावर लोक नेहमी गप्प व्हायचे, आजही झाले. पण आज तिला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही. तो हात कोरडा होता, उबदार होता, आणि बोटांच्या मुळाशी थोडा खरखरीत. आपण हात सोडवून घ्यायला हवा, हे तिला कळत होतं. दुसरा हात बटणावरच होता, नुसतं दाबायचा अवकाश होता. एरवी एखादं पोर खिदळेपर्यंत किंवा कुणी खोकेपर्यंतच ती अंधार ठेवायची. आज पोर खिदळलं, कुणी खोकलं, तरी ती तशीच उभी राहिली. शेवटी पाठीमागून एक पुरुषी आवाज आला, “झालं का हो?” तिने बटण दाबलं. उजेड पडायच्या क्षणभर आधी तो हात निघून गेला.

समोर संग्रहालय बघायला आलेली नेहमीसारखीच माणसं होती. एकसारखे रेनकोट घातलेलं एक जोडपं, त्यांचं पोर, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक जाडा गृहस्थ, कॉलेजातल्या दोन मुली, आणि पर्स छातीशी धरून उभी असलेली एक वयस्कर बाई. सगळे भिंतीवरच्या कोळशाकडे बघत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. “चला, पुढे,” ती म्हणाली, आणि आवाज घोगरा आला म्हणून उगाच खाकरली.

ते उभे होते तो बोगदा खरा नव्हताच. खऱ्या खाणीचं तोंड काँक्रीट ओतून कधीच बंद करून टाकलेलं होतं आणि त्याच्यावर आता एका मोठ्या दुकानाचा गाड्या लावायचा तळ होता. हा बोगदा संग्रहालयातल्याच लोकांनी फावल्या वेळात प्लायवूड, पोती आणि प्लास्टर वापरून, काळा रंग मारून बनवलेला. हात पोचेल तिथे खरा कोळसा चिकटवलेला, कारण लोक हात लावतातच, आणि हात पोचत नाही तिथे नुसता रंग. लाकडी टेकू मात्र अस्सल होते. “सगळं आणलं, वास तेवढा आणता आला नाही,” असं खाणीतले जुने सर्वेअर नेहमी म्हणायचे, कारण हा सगळा उद्योग मुळात त्यांच्या डोक्यातून निघालेला. बोगद्यातून बाहेर पडलं की खाणीचं न्हाणीघर लागायचं, म्हणजे संग्रहालयाची मुख्य खोली. पांढऱ्या फरशांच्या भिंती, लांबच लांब बाकडी, आणि छतापासून लोंबणाऱ्या साखळ्या. पाळीवर जाताना माणसं अंगावरचे चांगले कपडे आकड्याला अडकवायची आणि साखळी ओढून वर छताशी चढवून ठेवायची, म्हणजे कपड्यांना धूळ लागत नसे. परत आली की मळके कपडे वर जायचे आणि चांगले खाली यायचे. आजही काही आकड्यांना कपडे टांगलेले होते, कुणाकुणाच्या बायकांनी आणून दिलेले. प्रेक्षक वर बघायचे आणि त्यांचं बोलणं एकदम हळू व्हायचं. ती आताशा वर बघतच नसे. वर हात करून दाखवायची आणि स्वतः समोरच्या माणसाच्या खांद्याकडे बघत बोलायची.

आज ती हातांकडे बघत होती. जाड्या गृहस्थाचे हात गुबगुबीत होते, ते नव्हेत. रेनकोटवाल्याच्या एका हाताला पोर होतं. मुलींचे हात सारखे फोनवर. आपण हे काय चालवलंय, असं तिला वाटलं, या वयात, चष्मा नाकावरून घसरतोय, गुडघा दुखतोय, आणि आपण परक्या माणसांचे हात न्याहाळतोय! पण नजर ऐकेना. हाताला तो हात अजून लागत होता. ओला कपडा वाळत घालताना दंडावरून पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत जातो आणि आपण तो पुसत नाही, तसं काहीतरी मनगटापासून वर चाललं होतं. शेवटच्या भिंतीपाशी, खाणीत जीव गेलेल्यांचे फोटो होते तिथे, ती नेहमीचं बोलली. कोण कुठला, किती तरुण, मागे कोण राहिलं. दुसऱ्या रांगेतला कोपऱ्यातला पोरगेला चेहरा तिच्या धाकट्या दिराचा होता. ते ती कुणाला सांगत नसे. त्याच्याही बाबतीत ती तेच, तेवढंच आणि त्याच सुरात बोलायची. मग जोडप्यातल्या बाईने नेमका तो प्रश्न विचारला, जो दर वेळी कुणीतरी विचारायचंच, “तुमच्या घरचं कुणी होतं का खाणीत?”

“हो. आमचे हे होते.”

“अय्या! मग ते सांगत असतील ना तुम्हाला सगळं?”

“सांगतात की,” ती म्हणाली. दर वेळी हेच म्हणायची.

खरं म्हणजे नवऱ्याने तिला खाणीबद्दल आयुष्यात कधी काही सांगितलं नव्हतं. आणि तिने नवऱ्याला कधी खाणीतल्या काळ्या अवतारातही पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिला भीती घातली होती, की कोळशाने माखलेला माणूस दारात उभा राहील, घाबरू नकोस हं! ती दाराकडे डोळे लावून बसली होती, आणि दारात उभा राहिला तो केस ओले असलेला, साबणाचा वास येणारा, स्वच्छ माणूस. डोळ्यांच्या कडांना तेवढी एक बारीक काळी रेघ, साबणाने न निघणारी. तिची बहीण हसून म्हणाली होती, “दाजी काजळ घालतात वाटतं!” त्यानंतर रोज तेच. स्वच्छ माणूस जायचा, स्वच्छ माणूस यायचा. मधलं सगळं इथे, या पांढऱ्या फरशांवर धुऊन मोरीतून वाहून जायचं. “काय झालं आज?” “काय व्हायचंय?” एवढ्या दोन वाक्यांवर तिचा संसार झाला होता. धाकटा दीर गेला त्या दिवशीसुद्धा नवरा न्हाऊनच घरी आला होता. ओल्या केसांनी दारात उभा राहून म्हणाला होता, “आईला तू सांग.” आणि तिने सांगितलं होतं. तेव्हापासून हे सांगणं तिच्या गळ्यात पडलं असावं, असं तिला आताशा वाटायचं. पुढे खाण बंद झाली, त्याने एका गोदामात राखणदारी केली, मग जिना चढताना थांबायला लागला, मग न चढतासुद्धा थांबायला लागला. आता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा, नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र, सतत घूं घूं करणारं. ती संग्रहालयात पहिल्यांदा आली ती नुसती शेजारणीला सोबत म्हणून, चहा करायला. एकदा माहिती देणारा माणूस आला नाही, सर्वेअर “तुम्ही बोला जरा” म्हणाले, ती बोलली, आणि ते काम तिच्या अंगावरच पडलं. म्हातारे खाणकामगार तेव्हा बरेच होते, तिथे येऊन बसायचे, सांगायचे. ती ऐकायची. मग एकेक करून ते गेले आणि त्यांनी सांगितलेलं तिच्या तोंडी राहिलं. आता ती बोलायला लागली की प्रेक्षकांना वाटायचं, ही बाई स्वतः खाली जाऊन आलेली आहे.

माणसं गेली. ती बाहेरच्या टेबलाशी कपात चहा ओतून घेत होती, तेवढ्यात पर्सवाली वयस्कर बाई परत आली. दारातच घुटमळली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “माफ करा हं. मघाशी मी तुमचा हात धरला होता.”

“अहो, असू दे.”

“मला अंधाराची फार भीती वाटते, लहानपणापासून. जावई म्हणाले, बघून या, छान आहे. ते बाहेर गाडीत बसलेत आणि मी आले. तुम्ही दिवा घालवणार म्हणालात तेव्हाच मला मागे फिरावंसं वाटलं. शेजारी कोण आहे तेसुद्धा बघितलं नाही, धरला हात!” बाई स्वतःशीच हसली. “मग लाज वाटली. पण तुम्ही सोडवून घेतला नाहीत, बरं वाटलं बाई. एक सांगू? तुमचा हात इतका गार होता, मला वाटलं, माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त भीती वाटतेय.”

“मला? छे. मला रोजचंच आहे ते.”

“तेच ना,” बाई म्हणाली, आणि बाहेर हॉर्न वाजला म्हणून घाईघाईने निघून गेली.

म्हणजे एवढंच होतं. एका भित्र्या बाईने आधाराला हात धरला होता. तिने चहाचा घोट घेतला, चहा कोमट झाला होता. आपल्याला काय वाटलं होतं? काहीच वाटलं नव्हतं, पुरुष की बाई हेसुद्धा मनात आलं नव्हतं. तरी आता काहीतरी गेल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे शोधायला गेलं की हाती लागत नव्हतं. घरी तिचे हात दिवसभर कुणालातरी धरूनच असायचे. त्याचा दंड धरून उठवायचं, काखेत हात घालून न्हाणीपर्यंत न्यायचं, पाठ पुसायची, नळी बदलताना हनुवटी धरायची. इथे आलं की लोकांच्या पोरांना धरायचं, बोगद्यातली फळी तुटली आहे तिथे म्हाताऱ्यांना कोपराला धरून पलीकडे न्यायचं. सगळं धरणं तिच्याकडून. तिला कुणी शेवटचं कधी धरलं होतं, हे आठवायला ती मागे मागे गेली, मुलीच्या बाळंतपणापर्यंत गेली, तिथे मुलीने कळांमध्ये हात धरला होता, पण तोसुद्धा मुलीला हवा होता म्हणून. मग तिने आठवणं सोडून दिलं. तिचे पाय भरून आले होते. तिला वाटलं, आता या क्षणी या बाकड्यावर आडवं व्हावं, कुणी येऊन साखळी ओढून आपल्याला वर छताशी नेऊन ठेवलं तरी चालेल.

पण संध्याकाळी बैठक होती. न्हाणीघराच्या पहारेकऱ्याची छोटी खोली होती, तिथेच संग्रहालय चालवणारे जमायचे. पूर्वी खुर्च्या पुरत नसत. आता सर्वेअर, एक वेल्डर, निवृत्त ग्रंथपाल बाई आणि ती, एवढेच उरले होते. सर्वेअरांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि बसल्याबसल्या विषयाला हात घातला. त्यांचे डोळे आता कामातून गेले होते, मुलगा त्यांना आपल्याकडे कायमचं न्यायला येणार होता.

“पालिकेच्या साहेबांशी बोललो मी,” ते म्हणाले. “ते म्हणतात, तुमच्या जागी कोणीतरी जबाबदार माणूस दाखवा. नाहीतर इमारत आम्ही ताब्यात घेतो, आणि सामान मोठ्या संग्रहालयाच्या गोदामात जाईल.”

“गोदामात गेलं म्हणजे संपलंच,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “पुन्हा कोण बाहेर काढतंय?”

“म्हणून म्हणतो, माणूस ठरवू या.” सर्वेअर कुणाकडेच न बघता बोलत होते, त्यांना नीट दिसतही नव्हतं, पण तोंड तिच्याच दिशेला होतं. “आणि ठरवायचं काय त्यात. आता यांच्याशिवाय कोण आहे?”

वेल्डरने मान हलवली. ग्रंथपाल बाई तिच्याकडे बघून हसल्या, शाबासकी दिल्यासारख्या. असं नेहमीच व्हायचं. कुणीतरी काहीतरी म्हणायचं, सगळे तिच्याकडे बघायचे, आणि ती ‘हो, बघते की’ म्हणायची. माहेरी म्हणायची, सासरी म्हणायची, दवाखान्यात म्हणायची. आताही तिने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. ओठ त्या शब्दाच्या आकाराचे झालेसुद्धा.

“नाही,” ती म्हणाली. “मला नाही जमायचं.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. तिलाही नाही.

“थोडे दिवस हो,” सर्वेअर म्हणाले. “दुसरं कुणी मिळेपर्यंत. आम्ही आहोतच.”

“कोण आहात? तुम्ही चाललात.”

“तसं नव्हे...”

“मी दमले,” ती म्हणाली. इतका साधा शब्द होता, पण तो उच्चारताना तिला दारात कुणी परका माणूस उभा असल्यासारखं वाटलं. “मी फार दमलेय.”

“बाई, आपण सगळेच दमलोय,” वेल्डर म्हणाला. तो चिडला नव्हता, पण आवाज जरा चढला होता.

“मग तसं म्हणा ना! म्हणत का नाही कोणी? दर वेळी एकमेकांना हुरूप द्यायचा, आणि घरी जाऊन पाय शेकत बसायचं.”

बाहेर न्हाणीघरात एका नळातून पाणी ठिबकत होतं, तो नळ वेल्डरने कितीदा दुरुस्त केला होता. सर्वेअरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. पुसून त्यांना काही जास्त दिसणार नव्हतं. “बरं,” ते म्हणाले. “मग बंद.” त्यात राग नव्हता. मोजमाप घेऊन झाल्यावर टेप गुंडाळावी तसं त्यांनी ते म्हटलं, आणि तिच्या लक्षात आलं, की हा माणूस कुणीतरी ‘नाही’ म्हणण्याची वाट बघत होता. सवयीने ती कप गोळा करायला लागली. ग्रंथपाल बाईंनी तिच्या हातातले कप काढून घेतले. “राहू दे ते,” त्या म्हणाल्या. “जा तू घरी.” त्यांनी तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं.

घरी जायचा तिचा रस्ता त्या मोठ्या दुकानाच्या गाडीतळावरून जायचा. लोक ढकलगाड्या लोटत होते, गाड्यांच्या डिक्क्या उघडत होते, एक बाई पोराला सीटवर बांधता बांधता रागवत होती. ओल्या डांबरावर दुकानाचे दिवे पडले होते. आपल्याला आता हलकं वाटायला हवं, असं तिला वाटलं. पण हलकं वाटत नव्हतं. जड पिशवी खाली ठेवल्यावरही हात थोडा वेळ वाकडाच राहतो, बोटं उघडत नाहीत, तसं झालं होतं. मग लाज वाटली. त्या म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत येऊन येऊन सांगितलं, खोकत खोकत सांगितलं, ते काय गोदामात जाण्यासाठी? फोटोतला धाकटा दीर कुठल्यातरी खोक्यात पालथा पडेल. पडू दे. तो मुळात तिच्या बोलण्यातही नव्हताच, फोटोखाली उभं राहून ती जे म्हणायची ते कुणाबद्दलही चाललं असतं. हे मनात आलं आणि तिला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यातही जोर नव्हता. कधी एकदा पायांतले बूट काढते असं झालं होतं. मुलीचा फोन वाजला, तिने घेतला नाही. मुलगी म्हणाली असती, “आई, मी तुला कधीपासून सांगतेय सोड म्हणून,” आणि ते खरंच होतं, म्हणूनच ऐकायला नको होतं.

दार उघडल्यावर नेहमीचा घूं घूं आवाज. नवरा खिडकीशी बसला होता. शेजारीण त्याच्यापाशी बसून होती, ती उठली, “सगळं ठीक आहे, औषध दिलंय,” म्हणाली आणि गेली.

“उशीर झाला,” तो म्हणाला. बोलताना त्याला प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागायचं, श्वास गोळा करायला. तिला त्याची इतकी सवय झाली होती, की दुसऱ्यांचं बोलणं तिला घाईचं वाटायचं.

“बैठक होती.” ती पलंगाच्या कडेवर टेकली. बूट काढायला वाकायचं म्हणजे पुन्हा उठल्यासारखंच होतं, म्हणून तशीच बसली. “संग्रहालय बंद होतंय. सर्वेअर चाललेत मुलाकडे. मला बघा म्हणाले. मी नाही म्हटलं.”

तो काही बोलेल असं तिला वाटलंही नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने तिथलं कधी काही विचारलं नव्हतं, कधी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, अगदी धडधाकट होता तेव्हासुद्धा. ती निघाली की मान वळवून खिडकीबाहेर बघायचा.

“का?” तो म्हणाला.

“का म्हणजे? दमले.”

“हं.” त्याने नाकातली नळी सारखी केली. मग तो म्हणाला, “मग आता... कोण सांगणार?”

“काय कोण सांगणार?”

“खाण.”

तिला हसूच आलं, चांगलं नव्हे तसलं. “तुम्हाला हो काय त्याचं? एकदा तरी आलात का बघायला? लोक विचारतात मला, ते सांगतात का. मी सांगते, हो, सांगतात. दर वेळी खोटं बोलते तुमच्यासाठी.”

“तू जायचीस म्हणून...” तो थांबला. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं उघडमीट करत होती. “मला बोलावं लागत नव्हतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी दमलेली असताना एवढा राग कुठून आला हे तिला कळेना. “अहो, तुम्ही मला घरी सांगितलं असतंत, तर मी तिथे कशाला गेले असते? त्या म्हाताऱ्यांचं ऐकत बसायचे मी. एकेकाचं. वाटायचं, ह्यात कुठेतरी तुम्ही असाल. एकजण म्हणाला होता, तुमचा नवरा ना, चांगला होता हो कामाला. बस, एवढंच! एवढंच मिळालं मला तुमचं तिथे!”

हे आपण बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. इतकी वर्षं ती समजत होती, की शेजारणीला सोबत म्हणून गेलो, मग अंगावर पडलं म्हणून करत राहिलो.

त्याने खिडकीकडे तोंड वळवलं नाही. “काय सांगतेस तू तिथे?” त्याने विचारलं.

“काय सांगणार? सगळं.”

“मला सांग.”

“आता?”

“सांग.”

आणि तिने सांगितलं. बूट घातलेले, पाय सुजलेले, समोर आयुष्यभराचा नवरा, आणि ती तेच बोलत होती, तेच चढउतार, तेच थांबे. खाली असाच अंधार असायचा. डोळे सरावतील म्हणून कितीही वाट बघा. धूळ, घाम, वाकून वाकून मोडलेल्या पाठी, वरून आवाज आला की पोटात धस्स व्हायचं, आणि तरीही आपली माणसं रोज जायची, पोटासाठी, लेकरांसाठी. प्रेक्षक ऐकतात तसा तो ऐकत होता, मान जराशी कलती करून. ती थांबली तेव्हा म्हणाला, “आणि?”

“आणि काय?”

“आणि हसायचो... ते?”

“हसायचात?”

“फार.” त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. “मला तिथे बरं वाटायचं.”

यंत्र घूं घूं करत होतं. खिडकीत संध्याकाळचा उरलासुरला उजेड होता, समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे ओढत होतं. तो बोलायला लागला. एवढ्या थोड्या श्वासात माणूस एवढं बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं. तो म्हणाला, हे मी कुणाला सांगू? माझा भाऊ गेला तिथे, माझी छाती गेली, आणि मी म्हणू की मला आवडायचं? आईला सांगू? तुला सांगू? थंडीच्या दिवसांत वर सगळं गारठलेलं असायचं आणि माणसं उतरवणारा पिंजरा खाली जाईल तशी ऊब यायची, पायांकडून, आणि कुणीतरी म्हणायचं, चला, पोचलो घरी. वर मी कुणीच नव्हतो, खाली माझं नाव घेतलं की माणसं सरकून जागा द्यायची. एकजण होता, तो मॅनेजरची नक्कल करायचा, दिवा हनुवटीखाली धरून, हुबेहूब. एकजण सगळी गाणी एकाच चालीत म्हणायचा. धाकटा भाऊ तर सारखा खिदळायचा, त्याला कामावर गप्प बसायची शिक्षा व्हायची. “घरी आलो की,” तो म्हणाला, “मी पाहुण्यासारखा व्हायचो. तू सगळं... इतकं नीट लावलेलं असायचंस. कुठे बसावं... तेच कळायचं नाही.”

तिला ते ऐकायचं होतं. या माणसाच्या तोंडून हे निघावं म्हणून आपण काय केलं नाही, असं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी तिच्या पापण्यांवर कुणीतरी ओली गोणपाटं टाकत होतं. तिने अंगठ्याचं नख तळव्यात रुतवलं. डोकं भिंतीला टेकलं होतं, ते उचलायला हवं होतं. तो पावसाळ्यातल्या कुठल्यातरी पाळीबद्दल सांगत होता, खाली पाणी आलं होतं, आणि कुणाचा तरी एक बूट वाहून गेला होता, आणि... त्याचा आवाज यंत्राच्या आवाजात मिसळत होता, मग वेगळा होत होता, मग पुन्हा मिसळत होता.

“ऐकतेस ना?” तो म्हणाला.

“ऐकतेय,” ती म्हणाली.

तिला जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं, आणि मान एका बाजूला अवघडली होती. आपण कुठे आहोत हे तिला आधी कळलं नाही. मग आवाज आला. तो अजून बोलत होता. खिडकीकडे नव्हे, तिच्याकडे तोंड करून, हळू, तुकड्यातुकड्याने, मध्येच हसत. हसताना त्याला ढास लागली, ती ओसरेपर्यंत तो थांबला, आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू झाला. कुणाच्यातरी डब्याची काहीतरी गोष्ट होती. सुरुवातीचं सगळं तिचं ऐकायचं राहून गेलं होतं.

“मग?” ती म्हणाली, जसं काही सगळं ऐकलं आहे.

“झोपली होतीस.”

“छे.”

“घोरत होतीस.”

ती ओशाळली. चष्मा मांडीवर पडला होता, तो चाचपून तिने डोळ्यांवर चढवला. “मग उठवायचं तरी. आणि मी झोपलेली दिसत होते, तर बोलत कशाला बसलात? एवढा दम लागतोय.”

तो श्वास गोळा करत राहिला. बराच वेळ करत राहिला, आणि तिला वाटलं, संपलं, आता नेहमीसारखा गप्प होणार.

“थांबलो असतो,” तो म्हणाला, “तर परत... सुरू झालं नसतं.”

जेवणाची वेळ टळून चालली होती. औषध द्यायचं होतं. मुलीला फोन करायचा होता, आणि दिवासुद्धा लावलेला नव्हता. ती यातल्या कशालाच उठली नाही. वाकून तिने एक बूट काढला, मग दुसरा, आणि पाय जमिनीवर मोकळे टेकवले. फरशी गार होती, बरी वाटली.

“डब्याचं काय झालं?” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”